पुढचं डावं चाक

तुळजापूरचा घाट उतरताना दिवा लागला.
पिवळा, गोल, दोन्ही बाजूंना तुटक कंस,
भरल्या घरात कुणी हळूच खाकरावं तसा.

शिवशरण म्हणाला, "पार्ट पुण्याहून यायला आठ दिवस, मॅडम.
तोवर दोन वायरी पिळून टेप मारतो. दिवा गप होतो."
दिवा गप होतो.
घरी येईपर्यंत हे तोंडात घोळत राहिलं
शेंगाचटणीत न कुटलेल्या दाण्यासारखं.
टेप मारू दिली नाही. आठ दिवस रिक्षानं फिरले.

रविवारी, ऊन चढायच्या आत,
भद्रावती पेठेतल्या आमच्या बोळात
मागच्या चाकांना विटा लावल्या.
नायना बाहेर आले. लुंगी, बनियन, हातात कपबशी.
एकेचाळीस वर्षं मागावर. कान तिथंच ठेवून आले.
त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून,
ओठ सावकाश.

चाक जमिनीवर असतानाच बोल्ट सैल करायचे
एवढं मी वाचून ठेवलं होतं. सैल होईनात.
नायनांनी कपबशी पायरीवर ठेवली
आणि पान्यावर पाय.

चाक निघालं. आत तबकडी, कडेला ओठ आलेली,
आणि काळी धूळ, जी पुढे आठवडाभर
आईला टॉवेलांवर सापडणार होती.

सेन्सर म्हणजे काय, तर एवढीशी तार,
गव्हाच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकमध्ये दडवलेली,
पॅडच्या अंगात, ठरलेल्या खोलीवर.
पॅड झिजत जातं, तबकडी तिच्यापर्यंत पोचते,
घासते, तोडते.
तिनं एकदाच बोलायचं असतं, तेही तुटून.

जुनी तार मी नायनांच्या तळहातावर ठेवली.
चष्मा कपाळावरून खाली आला.
आणि स्वतःशीच, पण सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं,
ते म्हणाले, "ड्रॉपर."

मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर
पत्र्याची एक पट्टी लोंबते.
धागा आहे तोवर अधांतरी. तुटला की पडते, माग थांबतो.
एका वर्षी दिवाळीच्या ऑर्डरीपायी
मालकानं सगळ्या पट्ट्या सुतळीनं वर बांधल्या.
माग थांबेनात. मीटर वाढले.
सकाळी टॉवेलांत अशा फटी
की पलीकडून राजमल्लूचं तोंड दिसायचं,
कांड्या भरणाऱ्याचं, हसणारं.
सांगताना नायनाही हसले. मग थांबले.
राजमल्लूचं पुढे काय झालं, मी विचारलं,
ओठ सावकाश.
ते पान्याकडे बघत होते.

पिस्टन मागे सारताना क्लॅम्प माझा दोनदा निसटला.
तिसऱ्यांदा त्यांनी धरला,
त्या हातांनी, जे झोपेतही मध्येच मिटतात
धोटा आल्यासारखे.
नवे पॅड बसले. नवी तार चिमट्यांतून ओवत नेली
जुनी गेली होती त्याच वाटेनं.
"ढील ठेव," ते म्हणाले, "चाक वळलं की ओढ बसंल."
हे मी कुठं वाचलेलं नव्हतं.
कनेक्टर टिक करून बसला,
मला कानांत, त्यांना बोटांत.

चाक चढवलं, बोल्ट आवळले. मग ब्रेकवर पाय.
पहिल्यांदा तळापर्यंत गेला, रिकामा.
पोटात गोळा आला, गाडी उभी असूनही.
चौथ्या दाबाला पेडल घट्ट झालं.
चावी फिरवली. सगळ्या दिव्यांबरोबर तोही लागला
आणि सगळ्यांबरोबर विझला.

वरून आईची हाक: पाचव्या दिवशी पाणी आलंय,
आणि तुम्ही दोघं कोळशासारखे!
नायनांना ऐकू गेलं नाही.
तळहात बॉनेटवर ठेवून ते उभे होते.
"हळू घे. मी बरोबर चालतो."

बोळभर मी गाडी पावलांच्या वेगानं नेली,
त्यांचा हात पत्र्यावर.
दाबला, सोडला, दाबला.
पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर
त्यांनी हात उचलला.